रांजणाचा ओला काठ

आत्याबाई, तुम्हाला न्हाऊ घालताना तुमच्या नखांतली माती काही निघाली नाही. गल्लीतल्या बायकांनी कोमट पाणी ओतले, चिंचेचा कोळ चोळला, एकीने तर लुगड्याच्या टोकाने एकेक बोट पुसून पाहिले. सगळे अंग स्वच्छ झाले आणि नखांखाली तेवढ्या काळ्या चंद्रकोरी राहिल्या. अंगणाच्या कडेला उभ्या असलेल्या शेजारच्या जैनबबी म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या गं. लई जुनी हाय ती, न्हाय निघायची." तुमचा दुसरा हात माझ्या हातात होता. दर सोमवारी शाळेत मुलींना रांगेत उभे करून त्यांची नखे तपासणारी मी. माझी नखे पांढरीशुभ्र होती. त्या क्षणी ती मला लपवावीशी वाटली.

ती लाज अजून गेलेली नाही. तिच्याविषयीच तुमच्याशी बोलायचे आहे. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "मास्तरीणबाई, आधी च्या टाका, मग काय ते भाषण करा." चहा टाकला आहे. तुमच्यासारखा गूळ सढळ हाताने घातला आहे, आणि तो माझ्याने पिववत नाही इतका गोड झाला आहे.

तुम्ही गेलात तेव्हा मागच्या छपरीत रांजण अर्धा उभा होता. भर दुपारी त्याच्या काठावर ओले फडके टाकून तुम्ही भिंतीला पाठ टेकून बसलात, आणि मी शाळेतून आले तेव्हा बसलेल्याच होतात. मला वाटले, डोळा लागला. ओल्या मातीचा आणि राखेचा वास दाटला होता. वर पत्रा उन्हाने बारीक तडतडत होता. तुमची झोप मोडू नये म्हणून मी पाय न वाजवता तुमच्या पुढून गेले, पाण्याची घागर घेऊन परत आले, पुन्हा गेले. तुमची झोप मी इतकी जपली, आत्याबाई, आणि तुम्ही केव्हाच उठून गेला होतात.

मी कुंभाराचीच लेक. पण माझे वडील सोलापूरकडे कौलांच्या कारखान्यात मुकादम. आमच्या घरात माती यायची ती फक्त त्यांच्या वहाणांना लागून. त्यांना वृत्तांचा नाद होता. संध्याकाळी ओसरीवर बसून ते माझ्याकडून श्लोक म्हणवून घेत, मात्रा चुकली की गुडघ्यावर टिचकी मारत. असे शिकून मी भूमला तुमच्या घरी सून म्हणून आले आणि मुलींच्या शाळेत शिकवू लागले. गल्लीत कोणाची सून नोकरी करीत नव्हती. तुम्ही मला पहिल्याच आठवड्यात 'मास्तरीणबाई' म्हणू लागलात. त्यात थट्टा किती आणि मान किती, हे मला शेवटपर्यंत उमगले नाही.

रांजण हा तुमचा गर्व होता. माठ, गाडगी, संक्रांतीची सुगडी ही चाकावरची कामे, चाक पुरुषांचे. बाईने चाकाला फक्त कुंकू लावायचे, बसायचे नाही. रांजण मात्र चाकावर मावत नाही, तो हातांनीच वाढवायचा. जुन्या फुटक्या रांजणाचे बूड घ्यायचे, त्यावर राख भुरभुरायची, मातीची जाड भाकरी थापायची. मग मनगटाएवढ्या जाडीच्या वळ्या लोळवून त्या एकीवर एक चढवत जायचे. आतून एका हातात गुळगुळीत दगड, बाहेरून दुसऱ्या हातात लाकडी चोपणे. काही वळ्या चढल्या की थांबायचे, कारण खालचे अंग टणक झाल्याशिवाय वरचा भार पेलत नाही. काठ मात्र ओला ठेवायचा. सुकलेल्या काठावर नवी वळी बसल्यासारखी दिसते आणि भट्टीत सुटते. म्हणून काठावर ओले फडके, त्यावर गोणपाट, आणि येता-जाता पाण्याचा हबका. तुम्ही स्वयंपाक करता करता मध्येच उठून जात होतात तो हबका मारायला. भाकरी तव्यावर करपायची आणि बोलणी मला बसायची.

पलीकडे चुलतदीर दिगंबर भावजींचे चाक दिवसभर फिरे. मामंजी गेल्यावर आपले चाक भिंतीला टेकवून ठेवलेले, त्यामुळे गल्लीची गिऱ्हाइके त्यांच्याकडे वळली होती. त्याचा तुम्हाला राग. "दिग्याचा माठ म्हंजी नवरदेवाचा फेटा," तुम्ही आल्यागेल्याला सांगत होतात. "वरून लई झोकदार. आत काय हाय त्ये लगीन झाल्यावर कळतं." भावजी ऐकून हसत. तुमच्या रांजणाला भट्टी मात्र त्यांचीच लागे.

माझी एक कविता तुम्हाला आठवत असेलच. मासिकात छापून आली, तुमच्या लेकाने कचेरीत सगळ्यांना दाखवली, आणि जेवणे झाल्यावर मी तुम्हाला वाचून दाखवली. तुमच्यावरच लिहिली होती. तिच्यात एक कुंभारीण होती, तिचे गरगर फिरणारे चाक होते, चाकावर तिच्या बोटांतून उमलणारा घट होता. वृत्त निर्दोष होते. तुम्ही मिसरीचे बोट दातांवर तसेच ठेवून सगळे ऐकलेत.

"ग्वाड हाय," तुम्ही म्हणालात. "पर ही बाई कोन?"

तुमचा लेक भिंतीकडे तोंड करून हसला. मी आधी गोंधळले, मग चिडले. रोज डोळ्यांपुढे तुम्ही रांजणाभोवती फिरत होतात आणि मी कागदावर चाक फिरवले होते, कारण कुंभार म्हटले की कवितेत चाकच येते. ते कबूल करण्याऐवजी मी तुमच्यावर उलटले. निजामाचे राज्य गेले, कचेरीतले उर्दू गेले, बाया रांगा लावून मत टाकून आल्या, आणि तुम्ही अजून चाकाला कुंकू लावून लांब उभ्या राहता. मामंजींचे चाक पडून आहे, त्यावर बसलात तर कोण अडवणार आहे, असे बरेच काही बोलले.

"मला न्हाय बसायचं."

"का पण? भीती वाटते?"

"चाक ह्ये बसनाऱ्याचं काम. म्या हिंडनारी बाई."

मी म्हटले, हे उत्तर नव्हे, ही पळवाट आहे. तुम्ही चूळ भरून आलात आणि निजलात. त्यानंतर हा वाद आपल्यात कितीदा निघाला. भांडी घासताना, शेंगा फोडताना, एकदा तर वाशीच्या बाजाराहून येताना एस. टी.त उभ्याने. दरवेळी तुमचे उत्तर तेच. दरवेळी मला वाटे, पुढल्या खेपेला यांना निरुत्तर करीन.

गेल्या दिवाळीनंतर जैनबबींनी मोतीला विकले. त्यांच्या मालकांच्या, गुलाबभाईंच्या टांग्याचा हा शेवटचा घोडा. गाड्या सुरू झाल्यापासून टांग्यात बसायला कोणी नव्हते, आणि गुलाबभाई गेल्यावर तर त्याला जुंपायलाही कोणी उरले नव्हते. तेरखेड्याच्या एकाने तो घेतला. जैनबबींना पैशापेक्षा काळजी दुसरीच: "फटाकड्यांचं गाव. बुजंल की गं माजं जनावर." तुमच्या मातीत आयुष्यभर त्याच घरच्या घोड्यांची लीद पडली होती, लिदीतले बारीक तूस जळून जाते, मातीत छिद्रे राहतात आणि पाणी गार होते, हे मला तुम्हीच सांगितलेले. मोती गेला त्या दिवशी त्याच्या ठाणातली उरलीसुरली लीद तुम्ही पोत्यात भरून आणलीत.

"रडू नगं जैनब," तुम्ही म्हणालात. "त्याला म्या ष्ट्यांडावरच हुबा करते."

"कुनाला?"

"मोतीला. पोटात पानी भरून."

असा हा रांजण ठरला. स्टँडवर ज्या लिंबाखाली गुलाबभाईंचा टांगा उभा राहायचा तिथे उन्हाळ्याआधी तो ठेवायचा, गाडीतून उतरणाऱ्यांसाठी. ते पोते या एकाच रांजणात संपले. तो बिघडला असता तर पुन्हा करायला माती होती, ती देणारे तळेही होते, मोती नव्हता.

तुमचे हात थरथरू लागले होते हे मला माघातच कळले होते. तुम्ही ते माझ्यापासून लपवत होतात. कपात चहा अर्धाच घ्यायचा, कुंकू लावायला कोपऱ्यात जायचे, सुईत दोरा ओवायची वेळ आली की "डोळं जळजळत्यात" म्हणायचे. एका सकाळी रांजणाच्या आत दगड निसटून पडल्याचा आवाज आला, मग पुन्हा, मग बराच वेळ काहीच नाही. मी बाहेर आले. तुम्ही माझ्याकडे न पाहता म्हणालात, "जरा आतून धरतीस का? माजा हात आखूड पडतो."

हात आखूड पडत नव्हता. आपण दोघींनीही ते खरे धरले.

"बांगड्या वर सार. वरखडं पडत्याल."

बांगड्या कोपरापर्यंत सारून मी आत हात घातला. आत किती गार होते, आत्याबाई. बाहेर ऊन आणि आत विहिरीच्या पोटासारखा अंधार, बोटांना चिकटणारी माती, तिच्यातला लिदीचा आंबूस-गवताळ वास. बाहेरून तुम्ही चोपणे मारलेत आणि तो ठोका मातीतून, दगडातून माझ्या तळव्यात आला. मी दगड हलवला, तुम्ही फिरलात. तुम्ही फिरलात, मी दगड हलवला. माझ्या तळव्याला तुमचा हात दिसत होता. वडिलांच्या ओसरीवर मी लयीचा अर्थ शिकले होते, पण ती अशी हाडांतून कधी चालली नव्हती.

शाळेची घंटा झाली तसा मी हात काढून घेतला. नखांत माती गेली होती. ती काढताना मी अंगणभर पाणी सांडले, साबण सांडला, आणि तुम्ही चोपणे मांडीवर ठेवून ते पाहत बसलात. "उद्याच्याला पन यशील का?" असे तुम्ही विचारले नाहीत. मीही येते म्हणाले नाही. दुसऱ्या दिवसापासून मी शाळेला गेल्याशिवाय तुम्ही चोपणे हाती धरले नाहीत. मला वाटते, मला तुमच्या हातांची लाज वाटू नये म्हणून. किंवा तुम्हाला माझ्या. हे विचारायचे राहिले.

आता सुतकातले सांगते.

आपल्या घरात सुतक असले की मातीला हात लावायचा नाही. चाक असेल तर पालथे, कालवलेली माती असेल तर तशीच. पूर्वी दिगंबर भावजींच्या घरी सुतक पडले आणि त्यांचे ओल्या मडक्यांचे सबंध छप्पर वाया गेले, तेव्हा या रूढीवर सर्वांत मोठ्याने बोलणारी मीच होते. मातीला कसले आले सुतक, असे मी चौकात उभी राहून म्हटले होते. तुम्ही मला ओढत घरात आणलेत.

आणि आता तुमच्याच सुतकात, लोक भेटायला येत-जात असताना, माझे लक्ष सारखे छपरीकडे जात होते. तुमचा लेक डोके भादरून ओसरीवर बसलेला. तो एकदा म्हणाला, "आईचा रांजण सुकतोय बहुतेक." मग स्वतःच म्हणाला, "पण सुतकात कसा हात लावणार?" मी मान हलवली. मी, आत्याबाई. मी म्हटले, "नाहीच लावायचा." रूढीचा इतका आधार मला जन्मात कधी वाटला नव्हता.

कारण मला तो रांजण सुकून जायला हवा होता. हे लिहिताना माझे कान तापले आहेत, पण लिहिते. तो ओला राहिला तर पुढे कोणीतरी विचारणार होते, आता पुरा कोण करणार? आणि सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळणार होत्या. मला येत नव्हते. त्याहून खरे सांगायचे तर, तुमच्या उभ्या भिंतीवर माझी वाकडी वळी चढलेली सगळ्या गावाने पाहावी हे मला नको होते. सुकून गेला असता तर तो दैवाने सुकला असता, रिवाजाने सुकला असता. मी त्याला हळहळले असते. त्यावर कदाचित कविताही केली असती.

एका दुपारी वारा सुटला. फाल्गुनातला कोरडा, धुळीचा वारा, ओठ फोडणारा. त्याने गोणपाट उडवले, त्याखालचे फडकेही अर्धे सरकले. मी स्वयंपाकघराच्या दारातून ते पाहिले. काठाची गडद माती कडेकडेने फिकट होत चालली होती, ओल्या पाटीवरचे पाणी वाळते तशी. फडके पुन्हा नीट करायला मातीला शिवायची गरजही नव्हती. मी दारातून हलले नाही. मी तुमच्या मृत्यूनंतर त्या वेळेपर्यंत रडले नव्हते. तिथे उभ्या उभ्या माझे डोळे वाहू लागले, आणि मी वाऱ्याची वाट पाहत राहिले. तो आणखी जोराने यावा म्हणून.

मागच्या कुंपणाचे फाटक वाजले. जैनबबी तांब्या घेऊन आत आल्या, सरळ छपरीत गेल्या. फडके भिजवले, पिळले, काठावर बसवले, वर बोटांनी पाण्याचे शिंतोडे मारले. त्यांच्या हालचालीत शोधाशोध नव्हती. गोणपाटावर कोणता दगड ठेवायचा तोही त्यांना ठाऊक होता. हे त्या रोज करीत होत्या, आणि आम्हा घरच्यांना पत्ता नव्हता.

"जैनबबी," मी म्हटले, "सुतक आहे ना?"

"तुमाला हाय. मला कुटलं?" त्या मागे न बघता म्हणाल्या. "तुजा सासरा गेला तवाबी एक रांजन असाच अर्धा हुता. म्याच भिजवला. तुज्या सासूनं, तुळसानं सांगून ठिवलं हुतं, जैनब, आमच्यात कुनी गेलं तर काठ तुज्याकडं. माजा मालक गेला अन् म्या इद्दतीचं चार म्हैनं घरात बसले, तवा मोतीला वढ्यावर कोन न्हेत हुतं? तिच न्हेत हुती की. भर बाजारातनं."

ते मला आठवत होते. डोक्यावरचा पदर दातांत धरून, हातात लगाम घेऊन तुम्ही चालला होतात आणि पानपट्टीवरचे लोक हसत होते. मी शाळेच्या खिडकीतून पाहिले आणि मुलींचे लक्ष फळ्याकडे वळवले. घरी विचारले तर तुम्ही म्हणालात, "लीद फुकाट मिळती, म्हनून." मी ते खरे मानले. तुमच्या दोघींचा हा करार तुम्ही मला कधीच सांगितला नाहीत. मी चौकात भाषण करीत होते तेव्हाही नाही. तुम्ही सुतक पाळलेत आणि काठही ओला ठेवलात. मला यांतले एकच काहीतरी शक्य आहे असे वाटत होते.

जैनबबींनी तांब्या खाली ठेवला आणि माझ्या तोंडाकडे पाहिले. "रडतीस व्हय? रड. पन फडकं उडालेलं दिसलं न्हाई का तुला?"

"दिसले," मी म्हणाले.

त्यांनी गोणपाटावरचा दगड उगाच जरा सरकवून घेतला आणि निघाल्या. फाटकाशी थांबून म्हणाल्या, "काठ जित्ता हाय अजून. सुतक फिटलं की बघ."

सुतक फिटले. तुमच्या लेकाने रांजणाभोवती एक चक्कर मारली आणि कचेरीत निघून गेला. मी दिगंबर भावजींना बोलावले. त्यांनी काठावर अंगठा फिरवला, आत डोकावले, आणि दोन्ही हात मागे बांधले. "वैनी, ह्ये आमच्या हाताचं काम न्हाय. आमाला चाक लागतं. काकीला म्या लई येळा म्हनलं, शिकिव. ती म्हनायची, तू बसून बसून जड झालाईस." एवढे बोलून त्यांनी डोळे पुसले आणि भट्टी माझी, लागेल तेव्हा सांग, म्हणून गेले.

मग मीच बसले. म्हणजे आधी बसलेच. समोर बसून वळी चढवू लागले. हात पुरेल तेवढी बसली, पलीकडे निसटली. उठले, पाट पलीकडे नेला, पुन्हा बसले. आता अलीकडची सुटली. जैनबबी उंबऱ्यावर सुपारी कातरत होत्या. त्या अडकित्ता थांबवून म्हणाल्या, "बसून न्हाय हुनार बहू. तुळसा कुटं बसायची?"

मी उभी राहिले. बांगड्या वर सारल्या. डावा हात आत, उजवा बाहेर, आणि वळी चिमटीत दाबत एक पाऊल सरकले. मग आणखी एक. रांजण जागच्या जागी आणि मी त्याच्या भोवती. पायाखाली जमीन खोलगट लागली. छपरीच्या भुईत रांजणाभोवती एक गोल वाट पडलेली होती, शेणाने सारवून सारवूनही न बुजलेली, तुमच्या पावलांनी झिजलेली. इतकी वर्षे मी ती छपरी झाडत होते.

चाक हे बसणाऱ्याचे काम. मी हिंडणारी बाई. तुम्ही मला सरळ उत्तर दिले होते, आत्याबाई. त्यात पळवाट नव्हती, थट्टाही फारशी नव्हती. तुम्ही काय करता ते सांगत होतात. मी त्यातून तुमची भीती शोधत बसले. आता वाद मिटला म्हणावे तर तसेही नाही. चाकावर बसावेसे तुम्हाला कधीच वाटले नाही का, हे मला अजून विचारायचे आहे. फक्त या वेळी उत्तर ऐकून घ्यायला.

वळ्या मी चढवल्या. चोपणे मारायला गेले की आतला हात चुके, आतला हात जपला की चोपणे वाकडे पडे. दोन्ही हात माझेच, आणि दोघांची ओळख नाही. तुमच्या भागापर्यंत भिंत सरळ, तिथून वर ती किंचित एका खांद्याने झुकलेली. गळा जाड झाला. तोंड गोल म्हणता येईल, पण म्हणू नये. मध्ये, जिथे तुमचा काठ संपतो आणि माझी पहिली वळी बसते, तिथे एक रेघ राहिली. ती मी ओल्या चिंधीने कितीदा पुसली. दर वेळी जैनबबी म्हणत, "पुरे," आणि दर वेळी मी पुन्हा पुसे. भावजींच्या भट्टीतून तो बाहेर आला तेव्हा मी शाळेत होते. मुद्दाम. सुटला असेल तर मला पाहायचे नव्हते. संध्याकाळी घरी आले तर तुमचा लेक त्याला टिचक्या मारून ऐकत होता. "वाजतोय," तो म्हणाला. त्याचा हात बराच वेळ रांजणावरच होता.

चैत्रात तो स्टँडवर लिंबाखाली गेला. पहिल्याच दिवशी रेघेतून पाणी पाझरू लागले. धार नव्हे, नुसता ओलावा, सगळ्या अंगाभोवती बोटभर रुंदीचा काळा पट्टा. भूमला उतरणारा प्रत्येक माणूस तो पाहतो. एक कंडक्टर म्हणाला, "रांजण गळका दिलाय की ओ." मी लाखेने रेघ बुजवायचे ठरवले, लाख आणलीही. जैनबबींनी ती माझ्या हातातून काढून घेतली.

"मोती हाय त्यो," त्या कंडक्टरला म्हणाल्या. "घोड्याला घाम येतोच. तुज्या गाडीला येत न्हाई, म्हनून तुला ठाव न्हाई."

लिंबाखालची माणसे हसली. मला हसता आले नाही. तेव्हापासून मी शाळेला जाताना मारुतीच्या देवळामागून जाते, लांब पडते तरी. मुलींची नखे या महिन्यात तपासलेली नाहीत. मुख्याध्यापकबाईंनी विचारले तर विसरले म्हणून सांगितले.

आज मात्र उन्हाने डोळ्यांपुढे अंधारी आली आणि पाय आपोआप स्टँडकडे वळले. वाशीची गाडी नुकतीच लागली होती. डोक्यावर गाठोडे घेतलेली एक म्हातारी रांजणाशी उभी राहून पाणी प्याली, आणि निघताना तिने सहज आपला तळवा त्या ओल्या पट्ट्यावर टेकवला, मग तोच तळवा गालांवरून, मानेवरून फिरवला. मागून आलेल्या बाईनेही तसेच केले. पट्ट्याच्या त्या जागेवर हातांनी गुळगुळीत तकाकी आली आहे. म्हणजे हे रोज चालत असणार.

त्या गेल्यावर मी पुढे झाले. माझाही हात तिथेच गेला. खाली तुमची भिंत, वर माझी, आणि मध्ये पाणी. तांब्या बुडवला, प्याले. मान वर करून हे कोणाला सांगायचे धैर्य मला अजून झालेले नाही, म्हणून कागदावर सांगते आहे.

गार होते, आत्याबाई.